घरातल्या रेकॉर्डिंगसाठी दोन मॉनिटर : जोडणी आणि मांडणी



शाळेत मॉनिटर म्हटलं की वर्गावर लक्ष ठेवणारा मुलगा आठवतो. रेकॉर्डिंगवाले स्पीकरलाही मॉनिटर म्हणतात. आज आपण बोलणार आहोत ते संगणकाच्या पडद्याबद्दल. तेही एका नाही, दोन.

"एक चालतोय की, दुसरा कशाला?" असं मलाही वाटायचं. मग चौथीतल्या एका मुलीचं प्रकट वाचन घरी रेकॉर्ड करायला घेतलं. वर्गात ही मुलगी तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र अख्खा धडा न अडखळता वाचला तिने. लॅपटॉपवर धडा पूर्ण पडदाभर उघडला होता आणि ऑडॅसिटी त्याच्यामागे झाकलं गेलं होतं. वाचून झाल्यावर पाहतो तर पहिल्या ओळीपासून आवाज फाटलेला. माईकची पातळी जास्त ठेवली गेली होती आणि ती दाखवणारी पट्टी मला दिसतच नव्हती. असा फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. "पुन्हा एकदा वाचतेस का?" म्हटल्यावर तिने वाचलं, पण पहिल्यासारखं नाही. चूक माझी होती. त्याच आठवड्यात माळ्यावरचा जुना मॉनिटर खाली काढला.

लॅपटॉप असेल तर एक पडदा आपल्याकडे आहेच. दुसऱ्यासाठी आधी दोन्हीकडच्या खाचा बघा. लॅपटॉपला बहुधा एचडीएमआय असते. जुन्या मॉनिटरला व्हीजीए, म्हणजे ती बहुतेक वेळा निळी असणारी, 15 पिनांची. मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि तो 'एचडीएमआय ते व्हीजीए' असाच मागा. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला सारखाच असतो, पण चालत नाही. टाइप-सी खाच असेल तर तिच्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही, लॅपटॉपची माहिती आधी वाचा. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर दोन्ही वायरी त्या कार्डालाच लावा. एक कार्डाला आणि एक मदरबोर्डला लावली की पुष्कळदा दुसरा पडदा काळाच राहतो.

वायर लावली की विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा. 'डुप्लिकेट' निवडलं तर दोन्हीकडे तेच चित्र येतं, त्याचा आपल्याला उपयोग नाही. 'एक्सटेंड' निवडा. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात डिस्प्ले. 'आयडेंटिफाय' दाबल्यावर पडद्यांवर 1 आणि 2 हे आकडे उमटतात. टेबलावर पडदे जसे ठेवलेत तसेच तिथले चौकोन सरकवून ठेवा. हे केलं नाही तर माउसचा बाण उजवीकडे जायचा तो डावीकडून निघतो नाहीतर कडेला अडकतो, आणि आपण माउसला शिव्या घालतो.

आता खरी गोम. एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे मॉनिटर जोडताच विंडोज कधीकधी आवाज तिकडे वळवतं. मॉनिटरला स्पीकर नसला तर हेडफोन कानाला लावून बसलेल्या आपल्याला काहीच ऐकू येत नाही. मग "माईक गेला वाटतं" म्हणून आपण माईकची पातळी वाढवत सुटतो. तसं करू नका. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून हेडफोन निवडा, आणि ऑडॅसिटीतही ऐकण्याचं व रेकॉर्डिंगचं उपकरण स्वतंत्रपणे तपासा. ऑडॅसिटी सुरू झाल्यानंतर जोडलेलं उपकरण कधीकधी त्याच्या यादीत दिसत नाही. म्हणून मॉनिटर, माईक, हेडफोन आधी जोडा, मगच ते उघडा.

कुठला पडदा कुठे ठेवायचा हे टेबल ठरवत नाही, माईक ठरवतो. मूल वाचताना पडद्याकडे तोंड करणार. पडदा बाजूला असला की मान वळते, तोंड माईकपासून दूर जातं आणि प्रत्येक ओळीला आवाज कमी-जास्त होतो. म्हणून धड्याचा पडदा माईकच्या सरळ मागे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. मात्र माईकला चिकटवू नका, त्यावरून आवाज परत येतो. हातभर अंतर असू द्या. माईक त्याच टेबलावर असेल तर स्टँडखाली गोधडीची घडी घाला, म्हणजे आपल्या बोटांची टकटक त्यात शिरणार नाही.

अक्षरं मोठी हवीत, 28 च्या आसपास. कागद नसल्याने सळसळ नाही, हा आणखी एक फायदा. पान सरकवायचं काम तुमचं. परिच्छेद संपला की थांबायचं, पान सरकवायचं, मग पुढे. मधली शांतता नंतर कापता येते.

रेकॉर्डिंगचा पडदा मात्र फक्त तुमच्याकडे तोंड करून ठेवा. आवाजाची नागमोडी रेघ मुलांना दिसली की वाचन राहतं बाजूला. रेघ मोठी यावी म्हणून काहीजण चक्क ओरडायला लागतात! तुम्ही मात्र पट्टीवरून नजर हलवू नका. ती उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान उड्या मारत राहिली की बास. शून्याला टेकली तर लगेच थांबवा. चार ओळी वाया गेल्या तरी हरकत नाही, सगळा धडा जायला नको.

मॉनिटर काढून ठेवल्यावर एखादी खिडकी पडद्याबाहेरच राहिली तर घाबरू नका. खालच्या पट्टीवरून ती निवडा आणि विंडोज, शिफ्ट व डावा बाण एकदम दाबा. पुढच्या वेळी मुलं येण्याआधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग स्वतः करून, हेडफोनवर ऐकून घ्या.