जुन्या टर्बो डिझेल गाडीच्या ब्रेकची निर्वात-तपासणी

अक्कलकोट तालुक्यातील दुधनीच्या बाजार समितीत तुरीची पोती घेऊन जुनी टर्बो डिझेल गाडी निघाली असता ब्रेकचे पायडल अकस्मात जड लागले, तर दोष पुष्कळदा निर्वात (व्हॅक्यूम) यंत्रणेत असतो. ब्रेक पूर्णपणे नाहीसा होत नाही. परंतु पायाचा जोर फार लागतो व गाडी उशिरा थांबते.

पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेल इंजिनात पुरेसा निर्वात आपोआप उत्पन्न होत नाही. त्यासाठी निराळा पंप असतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टर्नेटरच्या पाठीमागे बसविलेला असतो.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून पायडल पाच-सहा वेळा दाबावे. मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पायडल किंचित खाली गेल्यास बूस्टरला निर्वात मिळत आहे असे समजावे.

२. ते न गेल्यास इंजिन बंद करून पंपापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी चिरलेली वा सैल आहे काय, हे पाहावे.

३. नळीतील एकेरी झडपेतून हवा एकाच दिशेने जावयास हवी.

४. नळी व झडप निर्दोष असल्यास पंप मेकॅनिककडून गेज लावून तपासावा.

काही गाड्यांत टर्बोचे नियंत्रणही याच निर्वातावर चालते. म्हणून ब्रेक जड होऊन चढावर ओढही घटल्यास प्रथम सामाईक नळी व पंप तपासावा. दोष दूर होईपर्यंत गाडीत माल भरू नये.