परदेशी विद्यापीठातले एक सत्र : साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी

परदेशातल्या एखाद्या जुन्या विद्यापीठात एका सत्रासाठी साहित्य शिकायला जाणे म्हणजे तिथली पदवी घेणे नव्हे. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाच्या पटावर राहतो. तिथे तीन-चार विषय शिकतो, त्यांची क्रेडिट घेऊन परततो आणि पदवी इथेच पूर्ण करतो. जाण्याचे मार्ग दोन. दोन्ही विद्यापीठांत करार असेल तर अदलाबदलीचा विद्यार्थी म्हणून जाता येते आणि तिथले शिक्षणशुल्क सहसा माफ असते. करार नसेल तर पाहुणा विद्यार्थी म्हणून स्वतः अर्ज करून पूर्ण शुल्क भरावे लागते. नाशिकच्या पंचवटीतल्या विद्यार्थ्याने पहिली चौकशी करावी ती करार आहे का, याची. तीही महाविद्यालयात न करता पुणे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात करावी, कारण महाविद्यालय संलग्न असले तरी करार विद्यापीठ करते.

सत्र ऐकायला सहा महिन्यांचे वाटते. प्रत्यक्ष शिकवणे फार थोडे असते. एडिंबरोत एका सत्रात साधारण 11 आठवडे तास होतात. ऑक्सफर्डची टर्म तर पूर्ण 8 आठवड्यांची. जर्मनीत हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, म्हणजे आपल्याकडच्या पुढच्या सत्राचा मोठा भाग बुडतो. ब्रिटनचे सप्टेंबर ते डिसेंबर हे सत्र त्यामानाने बरे. नाताळापूर्वी सगळे आटोपते आणि इथल्या उन्हाळी परीक्षेला हात लागत नाही. जानेवारीत निघणाऱ्याची एप्रिल-मेची परीक्षा मात्र हमखास हुकते.

क्रेडिटच्या हिशोबात बहुतेकांची गल्लत होते. ब्रिटनमध्ये वर्षाला 120, म्हणजे सत्राला 60 क्रेडिट असतात. युरोपच्या पद्धतीत सत्राला 30. आपल्याकडे वीसच्या आसपास. तिथे 20 क्रेडिटचे तीन विषय केले म्हणजे इथे 60 जमा झाले, असे होत नाही. ते एका सत्राचे काम धरले जाते. शिवाय 'आधुनिकतावाद आणि शहर' या नावाचा तिथला विषय इथल्या कोणत्या पेपरच्या जागी धरायचा, हे कोणीतरी ठरवून त्यावर सही करावी लागते. ती सही जाण्यापूर्वी घ्यावी. विभागप्रमुखांचे तोंडी 'बघू, होऊन जाईल' हे आश्वासन परत आल्यावर परीक्षा विभागाच्या खिडकीत चालत नाही, आणि मग तिकडे उत्तम गुण मिळवलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेत इकडे बॅकलॉग दिसतो. तिथल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि मूल्यमापनाची पद्धत जोडून लेखी मान्यता मिळाल्याशिवाय तिकीट काढू नये.

परदेशी विद्यापीठाशी व्यवहार कागदावर असावा, हे जुनेच शहाणपण आहे. गोव्यात साखवाळला 1876 साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी 1910 मध्ये हार्वर्डला गेले ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे ते काम अपुरे राहिले होते. श्रेय कोणाच्या नावावर, यावरून तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि 1912 मध्ये कोसंबी परतले. पुढे त्यांच्या आणखी फेऱ्या झाल्या, काम झाले. पण हार्वर्डची आवृत्ती छापून आली 1950 मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. त्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईत 1940 मध्येच निघाली होती. विद्वत्ता कितीही मोठी असली तरी आधीचा करार मोघम असला की असे होते.

व्हिसा आणि पैसा हा भाग किचकट असला तरी नियम स्पष्ट असतात. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचे शिक्षण पाहुण्याच्या व्हिसावर करता येते. त्यावर नोकरी करता येत नाही आणि तिथे राहून तो विद्यार्थी व्हिसात बदलताही येत नाही. 'कॅफेत काम करून खर्च काढू' हा बेत त्यामुळे घरीच सोडावा. जर्मनीत 90 दिवसांच्या वर राहायचे तर राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि खर्चाची रक्कम बहुधा गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती महिन्याला 992 युरो धरली जाते. हायडेलबर्ग (स्थापना 1386) ज्या राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो शुल्क आहे. करारातून आलेल्यांना ते नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम वा पीएच.डी.साठी मिळते, एका सत्राच्या फेरीला तिचा उपयोग नाही.

खरी परीक्षा वर्गात होते. इथला साहित्याचा विद्यार्थी, मग तो मराठीचा असो की इंग्रजीचा, 'स्वभावचित्रण करा', 'वैशिष्ट्ये सांगा' अशा प्रश्नांवर वाढलेला असतो. गाईड, मागच्या वर्षीच्या झेरॉक्स आणि परीक्षेआधीचे पंधरा दिवस, एवढ्यावर पहिला वर्ग मिळू शकतो. तिथल्या सेमिनारमध्ये दहा-बारा जण गोल बसतात, पुढ्यात एकच कविता असते आणि दोन तास त्याच कवितेवर जातात. शिक्षक विचारतात, 'चौथ्या ओळीत हा स्वल्पविराम का?' कवीचा जन्म, वाङ्मयप्रवाह आणि कवितेचा आशय सांगण्याची तयारी केलेल्या मुलाकडे याचे उत्तर नसते. ऑक्सफर्डच्या ट्युटोरियलमध्ये तर लपायलाही जागा नाही: एक-दोन विद्यार्थी, समोर शिक्षक, आणि बहुधा दर आठवड्याला नवा निबंध. इंग्रजी कच्चे म्हणून मुले गप्प बसतात असा समज आहे. तो अर्धाच खरा. वाचलेल्यावर स्वतःचे मत मांडायचे असते, याची सवय नसणे हे त्याहून मोठे कारण. ही सवय जाण्याआधी दोन-तीन महिने रोज एक पान बारकाईने वाचून आणि त्यावर अर्धे पान स्वतःच्या शब्दांत लिहून लावता येते.

दुसरी फजिती आपल्याच साहित्याबद्दल होते. पंचवटीचा मुलगा महाकाव्यांवरच्या वर्गात बसला की कोणीतरी विचारतेच, 'म्हणजे अरण्यकांड घडते तिथला तू?' तो सीतागुंफा, काळाराम, तपोवन सांगतो, लक्ष्मणरेषेची गोष्ट सांगतो. समोरची मुलगी प्रिन्स्टनच्या मालेतला शेल्डन पोलॉक यांचा अरण्यकांडाचा अनुवाद उघडून म्हणते की वाल्मीकींत ही रेषा तिला कुठे सापडली नाही. तिचे बरोबर असते. बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने 1960 ते 1975 या काळात काढलेल्या चिकित्सक आवृत्तीतही ती रेषा नाही. ती पुढच्या भाषिक रामायणांतून आणि लोककथांतून रुजली. हे माहीत असलेल्याला याच ठिकाणी उत्तम निबंधाचा विषय सापडतो: ग्रंथात नसलेली रेषा गावात जागा धरून कशी बसते? सोबत एकनाथांचे 'भावार्थ रामायण' आणि ते पुरे करणारे गावबा यांची जोड दिली, तर तिथल्या शिक्षकांनाही नवे काही मिळते. वर्ड्सवर्थचा सारांश त्यांना नाशिकहून ऐकायचा नसतो. म्हणून निघण्यापूर्वी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (ते 1840 पासूनचे आहे) बसून घरचे ग्रंथ वाचावेत. तिकडे ते मिळतीलच असे नाही.

तिथली ग्रंथालये समृद्ध असतात, पण त्यांची शिस्त वेगळी. ऑक्सफर्डचे 1602 मध्ये उघडलेले बॉडलियन पुस्तक घरी देत नाही. 1645 मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स यालाही दिले नव्हते. आत आग वा ज्योत नेणार नाही, अशी शपथ वाचकाला आजही घ्यावी लागते. बसून वाचण्याला वेळ लागतो, तो आठवड्याच्या आखणीत आधीच धरावा.

निबंधात दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हाशिवाय आले की ती चोरी ठरते, मग हेतू काहीही असो. 'संदर्भग्रंथांच्या यादीत नाव होते' हा बचाव चालत नाही. टिपणे काढतानाच पानाचा आकडा लिहिण्याची सवय असली की हा धोका टळतो. मुदत चुकली तर गुण कापले जातात. गुणांबद्दल घाबरू नये. ब्रिटनमध्ये 70 च्या वर पहिला वर्ग आणि 40 ला उत्तीर्ण, त्यामुळे 64 हे चांगले गुण आहेत. घरी फोनवर हे समजावणे जड जाते, एवढेच. जर्मनीत 1 सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास.

राहणे, जेवण, थंडी यांची सवय पहिल्या महिन्यात होते. डिसेंबरात एडिंबरोला दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे मात्र आधी ठाऊक असावे. मन उदास होण्याचे ते साधे कारण असते.

सत्र संपल्यावर गुणपत्रिका तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि ती बहुधा थेट मूळ विद्यापीठाच्या नावे निघते. परतण्यापूर्वी पत्ता आणि ईमेल बरोबर नोंदवले आहेत का ते पाहावे, विषयांच्या पुस्तिका व तपासलेले निबंध सोबत आणावेत आणि मान्यतापत्राच्या प्रतीसह अर्ज परीक्षा विभागात देऊन पोच घ्यावी. क्रेडिट जमा झाल्याची नोंद अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या स्वतःच्या खात्यात दिसेपर्यंत हे काम पुरे झाले असे धरू नये.