एंजिनचा श्वास



मी कला शाखेचा पदवीधर. घरी कोंकणी बोलतो आणि वर्गात मराठी शिकवितो. अशा माणसाने यंत्राविषयी लिहावे, याचे काहींस नवल वाटेल. त्यास कारण घडले ते असे. दिवाळीच्या सुटीनंतर वरच्या वर्गातील एक विद्यार्थी मजकडे आला. त्याच्या घरी आंबिया बहराची संत्री वाहून नेण्यासाठी डिझेलवर चालणारी पिकअप गाडी आहे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात ती अलीकडे धापा टाकू लागली होती. थोरल्या भावाच्या मनाने घेतले की, मूळच्या टर्बोचार्जरपेक्षा मोठा बसवावा. जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने तो आणला आणि चित्रफिती पाहून अंगणातच बसविला. गाडी सुरू झाली. परंतु थोड्याच वेळात धुराचे लोट उठले आणि एंजिन आपोआप गर्जू लागले. भावाने किल्ली काढून घेतली, तरी ते थांबेना! अखेर त्याने वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच एकदम सोडला, तेव्हा ते गुदमरून बंद पडले. आई आणि धाकटी बहीण चार हातांवर उभ्या होत्या.

“सर, किल्ली काढल्यावर गाडी चालली तरी कशावर?” असा त्याचा प्रश्न होता. उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःलाच विद्यार्थी व्हावे लागले.

एंजिन डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. लोहाराचा भाता बंद पडला की भट्टीत कितीही कोळसा घाला, लोखंड लाल होत नाही. एंजिनचीही तीच गत. दट्ट्या खाली उतरतो तेव्हा बाहेरची हवा केवळ वातावरणाच्या दाबाने सिलिंडरात शिरते. त्यापलीकडे तिला आत ढकलणारे कोणी नसते. त्यात हवा तापली म्हणजे विरळ होते. पंधरा अंशांवरील हवेपेक्षा आपल्याकडील वैशाखातील पंचेचाळीस अंशांची हवा सुमारे एक दशांशाने हलकी असते. म्हणजे उन्हाळ्यात एंजिनला श्वासही तितकाच कमी मिळतो.

ही उणीव भरून काढण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यास सुचली. त्याने 1905 साली आपल्या कल्पनेचे पेटंट घेतले. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात पुष्कळ शक्ती वाया जाते. तिने एक चाक फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चाक लावावे आणि त्याने हवा दाबून आत भरावी, एवढीच ती कल्पना. पण ती यशस्वी होण्यास वीस वर्षे लागली. 1920 नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांवर हे यंत्र बसले, तेव्हा 1750 अश्वशक्तीची डिझेल एंजिने 2500 अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. त्याआधी 1918 साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस याने विमानाचे एंजिन पाइक्स पीक या सुमारे 4300 मीटर उंच शिखरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोमुळे त्याची गेलेली शक्ती परत येते, हे सिद्ध केले होते. आज आपल्याच राज्यात, देवास येथे, टर्बोचार्जर तयार होतात.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो. एवढ्या वेगास साधे बेअरिंग टिकत नाही; दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. एंजिनचे तेल दाबाने वरून येते आणि खालच्या नळीतून केवळ आपल्या वजनाने परत उतरते. ही परतीची नळी वाकली, चढती बसली किंवा सांध्यास लावलेल्या चिकट लुकणाचा गोळा तिच्यात अडकला, तर तेल साचते आणि बाजूच्या सीलमधून हवेच्या वाटेत शिरते. डिझेल एंजिनात ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे आत आलेले तेलही पेटते. किल्लीने डिझेल बंद होते, हे तेल बंद होत नाही. ती गाडी स्वतःचेच तेल पिऊन धावत होती! अशा वेळी हवेच्या नळीचे तोंड हाताने दाबण्याचा मोह प्राणघातक ठरू शकतो. मुलांनी तर तेथून दूरच पळावे.

बरे, काम निर्दोष झाले असते तर घाट सोपा झाला असता काय? मला तसे वाटत नाही. मोठे चाक फिरू लागण्यास अधिक धूर लागतो, म्हणून घाटातील मंद वेगात ते उलट आळशी ठरते. शिवाय डिझेल किती सोडावयाचे हे आजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. डिझेल तेवढेच राहिले तर नुसत्या वाढीव हवेने शक्ती वाढत नाही. आणि नियंत्रकात फेरफार करून डिझेलही वाढविले, तर दट्ट्ये, क्लच व थंडावा देणारी यंत्रणा यांवर भार पडतो. मूळ पेटी काढून उघडा गोल फिल्टर लावण्याची हौसही अशीच. बॉनेटखालची तापलेली हवा आणि संत्र्यांच्या बागांकडील वाटांची धूळ, दोन्ही त्यातून आत जाण्याचा धोका असतो. कायद्याची बाजू वेगळीच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

घरी करण्याजोगी कामे आहेतच. एंजिन थंड असताना फिल्टरची पेटी उघडून धूळ पाहावी, खराब फिल्टर बदलावा. दाबाने तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पुढे असतो. त्याच्या पात्यांतील चिखल हलक्या हाताने धुवावा. रबरी नळ्या वाकवून चिरा शोधाव्यात. जेथे तेलकट काळा ओघळ दिसेल तेथे हवा निसटते असा संशय घ्यावा. तेल वेळेवर बदलावे. चढ चढून आल्यावर एंजिन मिनिटभर संथ चालू देऊन मगच बंद करावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल करपत नाही.

त्या पिकअपचे पुढे असे झाले की, मिस्त्रीने नवा टर्बो उतरवून मूळचा पुन्हा बसविला आणि बसविताना टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी क्लिपखाली बोटभर चिरलेली आढळली. घाटात दम तेथूनच निघून जात होता. नळी बदलली, पण या खटाटोपात भर तोडणीचे आठ दिवस गेले आणि संत्री भाड्याच्या गाडीने पाठवावी लागली. ती चिरलेली नळी विद्यार्थ्याने मला आणून दिली. शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात खालच्या फळीवर ती ठेविली आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.