नखाची बुरशी आणि आपल्याच रक्ताची सुई



पावसाळा सरला की धारवाडच्या काळ्या रानात राबणाऱ्यांच्या पायांकडे पाहावे. कुणाच्या तरी अंगठ्याचे नख पिवळे, जाड, कडेने भुसभुशीत झालेले दिसतेच. दुखत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. मग चार-पाच वर्षे मलमे लावून कंटाळलेला माणूस विचारतो, ‘‘फादर, आपल्याच रक्ताची सुई नखाला देतात म्हणे. घेऊ का?’’

ही सुई म्हणजे काय? रोग्याच्या दंडातून थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरच्या पिवळसर पाण्यात प्लेटलेट नावाचे, रक्त गोठवणारे बारीक कण असतात. ते जिथे दाट असतात तो भाग घेऊन नखाच्या मुळाशी टोचतात. याला पीआरपी म्हणतात. त्या कणांतून पेशींची वाढ करणारी द्रव्ये सुटतात, म्हणून नख जोमाने यावे ही अपेक्षा. बुरशीच्या गोळ्यांच्या जोडीला ही सुई देऊन पाहिल्याचे लहान अभ्यास आहेत. पण मोठ्या चाचण्यांनी पक्का ठरलेला हा उपचार नव्हे. शिवाय सुई दुखते आणि खर्चही होतो. हरळी माजलेल्या रानात खत घालावे, तसे हे आहे. पीक वाढेल, पण हरळी खणूनच काढावी लागते.

आणि ती हरळीच आहे ना, हे आधी पाहावे. बिघडलेल्या नखांपैकी जवळजवळ निम्मी बुरशीची नसतात. सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट यांनीही नख तसेच दिसते. डॉक्टर नखाखालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात विरघळवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. हुबळीला १९५७ साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या त्वचारोग विभागात दाखवावे.

बुरशी ठरली तर बहुधा टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, हाताच्या नखाला ६ आठवडे, पायाच्या नखाला १२. सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी करावी. इट्राकोनाझोल ही दुसरी गोळी; हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही. गोळ्या संपल्यावरही नख वाईटच दिसते आणि इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. पायाचे नख महिन्याला दीड मिलिमीटरसुद्धा मोठ्या मुश्किलीने वाढते. अंगठ्याला पूर्ण नवे नख यायला १२ ते १८ महिने लागतात. तेवढ्यात ज्वारीचे एक पीक घरात येऊन दुसरे पेरले जाते.

दुकानातून स्वतःच आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांविषयी मात्र मला खरोखर भीती वाटते. त्यांनी खाज दबते, बुरशी आत पसरते. आपल्या देशात नायट्याची एक हट्टी जात फैलावली आहे, २०२० साली तिला इंडोटिनी असे नाव मिळाले; तिच्यावर टर्बिनाफिन पुष्कळदा चालत नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी थांबूच नये. जाड नखाची कड बोटात रुतून जखम होते, बधिर पायाला ती कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना मलमाची नळी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत.