हातपाय बारीक, पण पोट पुढे?

प्रताप नगरजवळच्या वस्तीत विहारात बीपी तपासायला बसलो की आम्ही टेपही सोबत ठेवतो. परवा एक बाई म्हणाल्या, "सिस्टर, मी तं काडीवानी आहो, माझी कंबर कायले मोजता?" हात खरेच काडीसारखे. कंबर भरली ८८ सेंटीमीटर. बीपी १५०/९६.

असे आपल्याकडे पुष्कळ दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर हा फरक दिसत नाही.

त्यातही पोटात, आतड्यांभोवती साचलेली चरबी जास्त वाईट. ती नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सुटलेले स्निग्ध पदार्थ यकृतात जातात आणि रक्तात ट्रायग्लिसराइड वाढते. इन्सुलिन असूनही त्याचे काम नीट होत नाही, साखर चढते. शिवाय चरबीच्या पेशी सूज आणणारी रसायने सोडतात. या सगळ्याचा मार बसतो रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरावर. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते. ते कमी पडले की वाहिनी आखडते आणि अस्तराखाली कोलेस्टेरॉल शिरते. नळाला आतून गंज चढावा तसे हे नाही; ते भिंतीच्या आतच साचते, म्हणून वर्षानुवर्षे कळत नाही. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो आणि तिथे रक्ताची गुठळी होते. हृदयात झाली तर झटका, मेंदूत झाली तर लकवा. पायाच्या वाहिन्या अरुंद झाल्या तर चालताना पोटऱ्या दुखतात, थांबले की राहतात. आपण वय झाले म्हणून सोडून देतो.

शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावा. बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर नको. तिशीनंतर बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. घरात तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. तर्री-पोहे रोज नकोत. उपाशी राहून दुपारी चहा-बिस्किटांवर भागवणे हा काही उपाय नव्हे, आणि आपल्या बायका नेमके तेच करतात. रोज अर्धा तास झपझप चाला. बीपीची गोळी बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नका.

छातीत दाब आला, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन लावा.