पानांविना निवडुंग

प्रश्न : आमच्या बांधावरच्या फड्या निवडुंगाला पानंच नाहीत. मग तो भर उन्हाळ्यात जगतो कसा?

उत्तर : तो हिरवा फडा म्हणजे त्याचं खोड. अन्न तिथंच तयार होतं, पाणीही तिथंच साठतं. खरी पानं इवलीशी. ती लवकर गळून जातात. पण गंमत आहे रात्रीची. पाणी उडू नये म्हणून हा अमेरिकेचा पाहुणा दिवसा रंध्रं मिटतो. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो, आम्लरूपात साठवतो आणि उजाडल्यावर त्याची साखर करतो. कुंडीतली पानफुटीही हेच करते. तिचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव लागतं, असं भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन यांच्या १८१५ साली छापलेल्या टिपणात आहे. त्यांनी चाखून पाहिलं. तुम्ही नको, पानफुटीत विषारी द्रव्यं असतात.