सामना कोल्हापुरात, समालोचक नाशकात!

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर कबड्डीचे सामने झाले. मुलांनी ते इंटरनेटवरून दाखवायचे ठरवले. धावते समालोचन मात्र आमच्या निवृत्त क्रीडाशिक्षकांनीच करावे, असा सर्वांचा हट्ट. सर तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नाशिकला मुलाकडे विश्रांती घेत होते. तेव्हा सरांनी घरबसल्या पडद्यावर सामना पाहावा, फोनवर बोलावे आणि तो आवाज आम्ही येथे चित्रात मिसळावा, अशी योजना ठरली.

फजितीच झाली! चढाईपटू गडी बाद करून परतला, पुढची चढाई सुरूही झाली, आणि सर सांगत होते, “आता तो उजव्या कोपऱ्याकडे वळला...” प्रेक्षकांना हसू आवरेना. दहा मिनिटांत सरांनी फोन ठेवला. त्यांची तर यात काहीच चूक नव्हती.

मग दोष कोणाचा? अंतराचा? हिशेब करून पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. जातो. वळसे धरून तंतूचा मार्ग १,००० कि.मी. मानला, तरी वेळ लागतो ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. आमचा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेत होता. लागोपाठच्या दोन चित्रांतच ४० मिलिसेकंदांचे अंतर! तेव्हा अंतर निर्दोष सुटले.

वेळ जातो तो वाटेवर नव्हे, थांब्यांवर. प्रत्येक चित्र पूर्ण पाठवणे परवडत नाही. म्हणून आधीच्या चित्राहून जे बदलले तेवढेच बहुतेक वेळा पाठवतात आणि त्यासाठी काही चित्रे हाताशी जमवावी लागतात. पुढे ही माहिती लहान लहान पुडक्यांतून प्रवास करते. ठरल्या अंतराने सुटलेल्या एस.टी. गाड्या त्याच अंतराने पोचत नाहीत, तसेच या पुडक्यांचे. चित्र अडखळू नये म्हणून पाहणाऱ्याच्या यंत्रात थोडा साठा करून मगच ते दाखवले जाते. आमच्या प्रक्षेपणात चित्रफितीचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे पडत आणि असे तीन तुकडे साठल्यावर पडदा हलू लागे. म्हणजे ६ सेकंद तेथेच गेले! सर पाहत होते तो सहा सेकंदांपूर्वीचा सामना. त्यांचा आवाज मात्र फोनवरून पाव सेकंदात परत येऊन आमच्या ताज्या चित्रावर पडत होता.

दूर बसून समालोचन करणे ही कल्पना तशी जुनीच. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळत असताना सिडनीच्या नभोवाणी केंद्रात समालोचक तारांवरून खेळाचे वर्णन करीत. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढला जाई! श्रोत्यांसमोर चित्रच नव्हते, त्यामुळे उशीर पकडणार कोण? आज चित्र समोर असते. २०२३ ची आयपीएल स्पर्धा इंटरनेटवर मराठीसह १२ भाषांतील समालोचनासह दाखवली गेली. इतक्या सगळ्यांना मैदानावर बसवण्यापेक्षा दुरून बोलवणे स्वस्त पडते, पण मेळ साधावाच लागतो.

अनेकांना वाटते, उशीर नाहीसा करायला हवा. तो शून्य होणे नाही. पण चित्राचा आणि आवाजाचा उशीर सारखा करता येतो! समालोचकाला चित्र व्हिडिओ कॉलसारख्या जलद मार्गाने द्यायचे. ते थोडे अस्पष्ट असले तरी चालेल. समजा, चित्र जायला ०.४ सेकंद आणि आवाज परतायला ०.२५ सेकंद लागला. एकूण ०.६५ सेकंद. तेव्हा प्रेक्षकांसाठीचे चित्र मैदानावरच तेवढा वेळ रोखून धरायचे. शिट्टी आणि टाळ्यांचा आवाजही तेवढाच रोखायचा, हे मुले प्रथम विसरलीच होती. समालोचकाने कानाला हेडफोन लावावा. नाहीतर तीच शिट्टी त्याच्या मायक्रोफोनमधून दुसऱ्यांदा ऐकू येते.

पुडक्यांचा वेळ सतत बदलतो, ही आणखी एक अडचण. म्हणून चांगल्या यंत्रणेत प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का मारतात. समालोचक बोलताना समोर १५०० क्रमांकाचे चित्र असेल, तर आवाजाच्या त्या तुकड्यावर १५०० चाच शिक्का बसतो. मैदानावरील संगणक रोखलेल्या चित्रांतून नेमके १५०० वे काढून जोडी जुळवतो. आवाज लवकर आला तर त्याला थांबवतो. फार उशिरा आला तर टाकून देतो. आम्ही एवढे केले नाही. चित्र सरळ १ सेकंद रोखले आणि सरांचा आवाजही तेवढा भरेल इतका थांबवला. पुढच्या सामन्यात सर पुन्हा बोलले, अगदी शेवटच्या चढाईपर्यंत.

उशीर तुम्हालाही मोजता येईल. चालू स्टॉपवॉच एका मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर ठेवा, व्हिडिओ कॉल करून ते दुसऱ्या मोबाईलवर पाहा आणि घड्याळ व पडदा यांचे तिसऱ्या कॅमेऱ्याने एकच छायाचित्र घ्या. दोन आकड्यांतील फरक हाच उशीर. प्रयोग दहा वेळा करा. आकडा दर वेळी सारखा येतो का?

आता एक कोडे. दोन समालोचक दोन गावी बसून एकमेकांशी गप्पा मारत आहेत. त्यांच्या प्रश्नोत्तरांमधला उशीर चित्र रोखून लपवता येईल का?